थ्रिनॅक्सोडॉनच्या कवटीची प्रतिकृती: वर्गीकरण शिकवण्यास कितपत उपयोगी?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या मराठी अभ्यासवर्गासाठी आम्ही थ्रिनॅक्सोडॉनच्या कवटीची थ्रीडी प्रिंटिंगने केलेली प्रतिकृती मागवली. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, साधारण मांजराएवढा हा प्राणी सस्तनांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग होता. त्याचे जीवाश्म दक्षिण आफ्रिका व अंटार्क्टिकात सापडले आहेत.

प्रतिकृतीत सर्वांत उत्तम उतरला आहे तो खालचा जबडा. सरपटणाऱ्या प्राण्यांत तो अनेक हाडांचा असतो, सस्तनांत मात्र प्रत्येक बाजूस एकच हाड असते, आणि कमाटीबागेतील संग्रहालयातल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यातही ते पाहता येते. थ्रिनॅक्सोडॉनमध्ये दात धरणारे हाड मोठे झालेले आणि मागची हाडे आक्रसून त्याला चिकटलेली स्पष्ट दिसतात. सस्तनांच्या कानातील हातोडा हे हाड याच मागच्या हाडांपैकी एकापासून घडले, हे मुलांना जबडा हाती देऊन सांगता येते, तेव्हा वेगळ्या आकृतीची गरज उरत नाही. टाळू आणि तीन टोकांच्या दाढाही चांगल्या आहेत.

कवटीच्या माथ्यावरील हाडांच्या सांध्यांच्या रेषा मात्र छपाईत जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत, आणि ही उणीव मला गंभीर वाटते, कारण जीवाश्माचे वर्गीकरणातील स्थान ठरते किंवा बदलते ते अशाच बारकाव्यांवरून. १८४५ मध्ये आजच्या कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर विहीर खणताना सापडलेला एक जबडा अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जोसेफ लायडी यांनी खालचा जबडा समजून त्याला बॅथिग्नॅथस असे नाव दिले, आणि पुढे दीर्घकाळ तो डायनासोरचा मानला गेला. तो वरचा जबडा असल्याचे पुढे लक्षात आले, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीटी स्कॅनने खडकात दडलेला भाग व दातांची रचना तपासली गेली, तेव्हा तो डिमेट्रोडॉनचा, म्हणजे सस्तनांच्या दूरच्या नातलगाचा, असल्याचे निश्चित झाले.

सोबतच्या पुस्तिकेत थ्रिनॅक्सोडॉनला ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हटले आहे. ही मांडणी जुनी झाली असून, सस्तनांकडे जाणारी शाखा सरीसृपांच्या शाखेपासून तीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळी झाली, असे आता मानले जाते. विक्रेत्याने पुढील आवृत्तीत हा मजकूर अवश्य बदलावा.

शाळेच्या वर्गांसाठी ही प्रतिकृती जरूर घ्यावी. महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र अधिक बारीक थरांची छपाई करून मिळते का, हे आधी विचारावे आणि माथ्याचे जवळून काढलेले छायाचित्र पाहूनच मागणी नोंदवावी.