डीएनए मॉडेल किट: साखर एक नंबर, बाकीचं जरा बघून घ्या

लेकीसाठी मागवलं आणि तीन रात्री मीच बसलो खेळत, त्यामुळे रिव्ह्यू माझाच समजा.

बॉल-स्टिकवालं किट आहे, काळे कार्बन, लाल ऑक्सिजन, निळे नायट्रोजन, पांढरे हायड्रोजन आणि फॉस्फरस जांभळा. प्लास्टिक चांगलंय. आधी शुगर बनवायला सांगतात ते बरंय, कारण आपण सगळे ए टी जी सी (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या ज्यांच्या जोड्यांनी बनतात ते चार बेस) पाठ करतो आणि साखरेकडे कोणी बघत नाही. चार कार्बन आणि एक ऑक्सिजनची रिंग, पाचवा कार्बन रिंगच्या बाहेर शेपटीसारखा. आता रायबोज (आरएनएची साखर) आणि डीऑक्सिरायबोज (डीएनएची) शेजारी ठेवा, फरक काय तर दोन नंबरच्या कार्बनवरचा एकच लाल बॉल, बस! लेक म्हणाली एवढ्यासाठी दोन नावं? पण गंमत तिथेच आहे, साखळी जोडल्यावर तो जास्तीचा ओएच (तोच लाल बॉल आणि त्यावरचा हायड्रोजन) शेजारच्या फॉस्फेटला, म्हणजे दोन साखरा जोडणाऱ्या फॉस्फरसवाल्या दुव्याला, जवळजवळ टेकतो, आणि अल्कलीत आरएनए पटकन तुटतो तो याच्याचमुळे. डीएनएमध्ये तो बॉलच नाही म्हणून तो टिकतो. पुस्तकात शंभरदा वाचलेलं, हातात घेतल्यावर कळलं.

ग्वानिन (म्हणजे जी) बनवताना माझा घोळ झाला. एक हायड्रोजन नायट्रोजनवर लावायचा तो मी ऑक्सिजनवर लावला, मग त्याचा जोडीदार सायटोसिन (सी) समोर धरलं तर वरती पांढऱ्यासमोर पांढरा आणि मधे कुठेच पांढरा नाही, जुळणार कसं? नंतर आठवलं, डीएनएची रचना मांडणारे वॉटसन आणि क्रिकसुद्धा १९५३ मध्ये इथेच अडकले होते, तेव्हाच्या पुस्तकांतच हायड्रोजन चुकीच्या जागी दाखवलेले आणि केमिस्ट जेरी डोनह्यूने सांगितल्यावर गाडी पुढे सरकली. म्हणजे माझी चूक अगदीच फालतू नव्हती (घरी कोणाला पटलं नाही ते सोडा).

थायमिनवरचा (टी) मिथाइल, म्हणजे एक कार्बन तीन हायड्रोजन, काढून तिथे एक पांढरा बॉल लावला की झालं युरॅसिल (आरएनएत टीच्या जागी असतं ते), वेगळं सामान लागत नाही.

आता तक्रारी. बॉक्सवर पूर्ण पीळ घेतलेल्या शिडीचा फोटो आहे आणि आत सामान सहाच जोड्यांचं. एका पिळाला साधारण दहा जोड्या लागतात राव, म्हणजे अजून एक बॉक्स घ्या असंच ना? मॅन्युअलमध्ये ए-टी जोडीला पण तीन हायड्रोजन बॉन्ड (जोडी धरून ठेवणारे हलके दुवे) दाखवलेत, तिथे दोनच असतात, तीन जी-सीला. जी-सीचं चित्र उचलून तसंच चिकटवलेलं दिसतंय, लेकीनेच पकडलं. फॉस्फेटची भोकं सैल आहेत, चौथी जोडी लावली की शिडी एका बाजूला लवंडते, मी शेवटी दोऱ्याने पंख्याच्या हुकला टांगली. आणि तीन प्राइम पाच प्राइम (साखळीची दोन टोकं ओळखायच्या खुणा) कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही साखळ्या एकाच दिशेने लावून अर्धा तास गेला, त्या उलट-सुलट जायला हव्यात हे आधी नीट बघा. मार्करने आकडे टाकून ठेवा सरळ.

साडेतीन स्टार. त्यातला अर्धा त्या बॉन्ड उपसायच्या छोट्या टूलला, ते नसतं तर दातांनी ओढत बसलो असतो.