टुंड्रा की नान्नजचा माळ?

भाचीला प्रकल्प मिळालाय, ‘झाडं का वाढत नाहीत’. उत्तर ध्रुवाकडचा थंडगार टुंड्रा प्रदेश घेऊ की आपलं सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान, यावर घरात दोन दिवस खल चाललाय.

कारण स्पष्ट दाखवायचं तर टुंड्रा सरस. तिथे खालची जमीन बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हात थर तेवढा वितळतो. मुळं खोल जात नाहीत, पाणी मुरत नाही, नुसता चिखल. सर्वांत उबदार महिन्याची सरासरीही साधारण १० अंशांखालीच, म्हणून उंच खोड उभारण्याइतकी वाढ होतच नाही. तिथली विलो (एक झुडूप) जमिनीला चिकटून पसरते, बहुतेकदा वीतभरही उंच नाही.

माळावर मामला गुंतागुंतीचा. कुदळ मारली की थोड्याशा मातीखाली खणकन मुरूम, पाऊस बेभरवशाचा, वर चराई. शिवाय बोर-बाभळी अधूनमधून उगवतातच!

खर्च? माळाला एसटीचं तिकीट. टुंड्राला फ्रीजमध्ये गोठवलेला मातीचा डबा. सोलापुरी उन्हात परीक्षक येईपर्यंत तो वितळणार, पण दाखवायचं तेच आहे.

वेळ कमी असेल तर टुंड्रा. खणायची, मोजायची हौस असेल तर माळ. फक्त नान्नजच्या माळढोक अभयारण्यात कुदळ नको, मामाच्या बांधावर चालवा.