धर्मगुरूंची शांतता-सेवा: सह्या ठळक, पाठपुरावा कच्चा

इस्रायली-पॅलेस्टिनी वाटाघाटींना ज्यू, मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मगुरूंनी एकत्र येऊन पाठबळ द्यायचं, ही सेवा दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे. गिऱ्हाईक म्हणजे मंत्री आणि मुत्सद्दी. मिळतं काय, तर सही, शब्द आणि अडीअडचणीला एक फोन. यातलं काय कामाला येतं आणि काय नुसतं भिंतीवर लावायच्या लायकीचं, ते पाहू.

गरज खरी आहे. 1993 चा ऑस्लो करार झाला तेव्हा जेरुसलेम पुढच्या बोलण्यांवर ढकललं आणि धर्म दाराबाहेर ठेवला. तो बाहेर गप्प बसला नाही. फेब्रुवारी 1994 मध्ये हेब्रोनच्या इब्राहिमी मशिदीत बारुख गोल्डस्टीनने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या, पाठोपाठ इस्रायली शहरांत हमासचे आत्मघाती स्फोट झाले, आणि 4 नोव्हेंबर 1995 ला पंतप्रधान राबिन यांचा खून करणारा यिगाल अमीर धर्मशास्त्राचाच दाखला देत होता. जुलै 2000 मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडला जेरुसलेममधलं पवित्र आवार, मुस्लिमांचं हराम अल-शरीफ म्हणजेच ज्यूंचं टेंपल माउंट, अखेर टेबलावर आलं, पण चर्चा करत होते ते सगळे राजकारणी.

या सेवेचा सगळ्यात नावाजलेला नमुना म्हणजे 21 जानेवारी 2002 चं अलेक्झांड्रिया घोषणापत्र. बैठक बोलावली कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज कॅरी यांनी. यजमान कैरोच्या अल-अझहर या सुन्नी धर्मपीठाचे प्रमुख शेख तंतावी. सह्या करणाऱ्यांत सेफार्दी मुख्य रब्बी बक्शी-दोरोन, रब्बी मायकेल मेलखिओर आणि शेख तलाल सिद्र होते. मसुदा अवघ्या सात कलमांचा, आणि ते बरंच झालं. देवाच्या नावाने निरपराधांना मारणं म्हणजे त्याच्याच नावाची विटंबना, हे सुरुवातीलाच बजावलंय. चौथं कलम धर्ममान्य युद्धबंदीचं. त्यात अमेरिकेचे माजी सिनेटर मिशेल आणि सीआयए प्रमुख टेनेट यांच्या हिंसा थांबवण्याच्या शिफारशींचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्मगुरूंच्या पत्रकात सरकारी कागदाचं नाव येणं दुर्मीळ. मुत्सद्द्याला धरायला दोरी मिळते ती तिथेच.

घोटाळा कुठे झाला? पहिलं म्हणजे, सही करणारे बरेचसे सरकारी गोटातले. मेलखिओर तेव्हा उपपरराष्ट्रमंत्री होते, सिद्र पॅलेस्टिनी प्राधिकरणात मंत्री. ज्यांच्या शब्दावर बंदुका चालत होत्या, ते कट्टर गट आणि वसाहतींचे रब्बी खोलीतच नव्हते. दुसरं, युद्धबंदी मोडली तर कोणी, किती तासांत, कुणाला विचारायचं, याचा एक शब्द नाही. 27 मार्चला नेतान्यातल्या हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या सेदेर भोजनाच्या वेळी स्फोट झाला, 30 जण गेले. 29 मार्चला इस्रायली फौजा वेस्ट बँकेतल्या शहरांत घुसल्या. चौथं कलम जेमतेम दोन महिने टिकलं.

वाचलं ते सातवं कलम. कायम संयुक्त समितीचं हे कलम वाचायला अगदी रुक्ष, पण त्यामुळे माणसं एकमेकांच्या संपर्कात राहिली. 2 एप्रिलपासून बेथलेहेमच्या जन्ममंदिराला, म्हणजे येशूच्या जन्मस्थळावरच्या चर्चला, इस्रायली फौजांचा 39 दिवस वेढा पडला, तेव्हा तो सोडवण्याच्या वाटाघाटींत याच प्रक्रियेतले कॅनन अँड्र्यू व्हाइट होते. घोषणापत्राला पाचपैकी दोन तारे, समितीला चार.

मसुद्याच्या भाषेबद्दल एक तक्रार आहे, आणि ती जवळपास सगळ्याच पत्रकांना लागू पडते. सगळ्यांना चालेल अशी गुळमुळीत भाषा कुणाच्याच घरात चालत नाही. रब्बीला आपल्या लोकांपुढे उभं राहायचं तर 'पिकुआख नेफेश', म्हणजे जीव वाचवण्यासाठी इतर आज्ञा बाजूला ठेवता येतात हे तत्त्व हाताशी लागतं. 1979 मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी याच आधारावर जमीन सोडता येते असं सांगितलं होतं. इमामाला 'हुदना' (युद्धबंदी) आणि 'सुल्ह' (समेट) लागतात, पैगंबरांनी मक्केवाल्यांशी केलेल्या हुदैबियाच्या तहाचा दाखला लागतो. म्हणून सामाईक कागद एक पानाचा आणि प्रत्येक धर्माच्या शास्त्राधाराचं वेगळं टिपण त्याला जोडलेलं, अशी मांडणी हवी.

संस्था म्हणून पाहिलं तर 2005 मध्ये उभी राहिलेली पवित्र भूमीतल्या धार्मिक संस्थांची परिषद जास्त भक्कम: इस्रायलचं मुख्य रब्बीमंडळ, पॅलेस्टिनी शरिया न्यायालयं आणि वक्फ मंत्रालय, शिवाय चर्चेस. रब्बीमंडळाच्या सहीला वजन किती, हे कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएली ज्यूंना कुणी सांगायला नको. लग्नासाठी वंशावळ तपासण्याच्या त्यांच्या फर्मानाविरुद्ध मराठी बोलणाऱ्या या समाजाला 1964 मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं होतं, तेव्हा कुठे फर्मान बदललं.

या परिषदेचं सर्वांत उजवं काम म्हणजे फेब्रुवारी 2013 मध्ये आलेली शालेय पुस्तकांची तपासणी. येलचे ब्रूस वेक्सलर, तेल अवीवचे डॅनिएल बार-ताल आणि बेथलेहेमचे सामी अदवान यांनी ती केली. 74 इस्रायली आणि 94 पॅलेस्टिनी पुस्तकं. दोन्ही बाजूंच्या तपासनिसांनी एकच प्रमाणित पद्धत वापरून नोंदी थेट मध्यवर्ती संगणकात भरल्या, म्हणजे मागाहून आकडे हलवायला जागा नाही. निष्कर्ष असा की समोरच्याला राक्षस ठरवणारा मजकूर दोन्हीकडे फार कमी. खरी गफलत नकाशांत. बहुतेक नकाशे समोरचा देश किंवा सीमा दाखवतच नाहीत. काम असं चोख, तरी इस्रायली शिक्षण खात्याने अहवाल झिडकारला. निकाल मान्य करायचं लेखी वचन दोन्ही खात्यांकडून पहिल्या दिवशीच घ्यायचं असतं, नाहीतर जो नाराज तो उठून जातो.

समारंभांकडून फार अपेक्षा नको. 8 जून 2014 ला व्हॅटिकनच्या बागेत पोप फ्रान्सिस यांच्यासोबत पेरेस आणि अब्बास यांनी प्रार्थना केली, ऑलिव्हचं रोप लावलं. 8 जुलैला गाझात युद्ध सुरू झालं. अमेरिकेतल्या ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम नेत्यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या आघाडीचा उपयोगही मर्यादित, पण खरा आहे: दोन राष्ट्रांच्या तोडग्यावर बोलणाऱ्या वॉशिंग्टनच्या नेत्याला मतदारांपुढे आडोसा मिळतो. जेरुसलेमच्या गल्लीत त्याने काही हलत नाही.

गल्लीत काय हलतं ते जुलै 2017 मध्ये दिसलं. हराम अल-शरीफवरच्या अल-अक्साच्या दारांवर इस्रायली पोलिसांनी धातुशोधक कमानी बसवल्या, आणि आवाराचा कारभार पाहणाऱ्या वक्फने आत जाऊ नका म्हटल्यावर लोकांनी लायन्स गेटबाहेर डांबरी रस्त्यावर नमाज पढला. कमानी 25 तारखेला निघाल्या, तरी लोक आत गेले नाहीत. वक्फने आणि मुफ्तींनी हिरवा कंदील दाखवला 27 ला, तेव्हाच गर्दी आत शिरली.

वापरायची असेल तर ही सेवा कॅलेंडर समोर ठेवून मागवा. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि काही वर्षं वल्हांडण-ईस्टरवर येऊन पडतो. 15 एप्रिल 2022 ला रमजानचा शुक्रवार, गुड फ्रायडे आणि वल्हांडणाची संध्याकाळ एकाच दिवशी आली. सकाळी अल-अक्सात दीडशेहून जास्त पॅलेस्टिनी जखमी झाले. अशा वर्षी वक्फ, रब्बी, चर्च आणि पोलीस यांची बैठक निदान दोन महिने आधी व्हावी, आणि त्या रात्री कुणाचा फोन चालू राहणार याची यादी तिथेच ठरावी.