गाडीतला फ्रिज, दुसरी बॅटरी आणि मधली वायर

ज्या जोडणीविषयी हा अभिप्राय आहे तिचे मुख्य भाग तीन आहेत : 12 व्होल्टवर चालणारा 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, 100 अँपिअर-तासांची (म्हणजे 1 अँपिअर प्रवाह 100 तास पुरवू शकेल एवढ्या क्षमतेची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि इंजिन चालू असताना ही बॅटरी भरणारा 25 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. फोर बाय फोर गाडीच्या मागच्या भागात हे सारे बसवून भर उन्हाळ्यात आणि खडबडीत वाटांवर वापरले. फ्रिजबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. जे बरेवाईट म्हणायचे आहे ते त्याच्यापर्यंत वीज कशी पोहोचते याविषयी आहे.

आधी फ्रिजविषयी. स्वस्तात मिळणाऱ्या, कॉम्प्रेसरविना चालणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 20 अंशच खाली जातात आणि वीज मात्र अखंड खात राहतात. त्यामुळे बंद गाडीत पारा 45 अंशांवर गेला की त्यांचा उपयोग नाममात्र उरतो. कॉम्प्रेसर फ्रिज तशाच उकाड्यात आतले तापमान 4 अंशांवर धरून ठेवतो आणि गाडी चढावर तिरकी उभी असली तरी त्याच्या कामात खंड पडत नाही. कॉम्प्रेसर चालू असताना तो 4 ते 5 अँपिअर घेतो, परंतु सतत चालत नाही. हवा, झाकण किती वेळा उघडले जाते आणि आत किती सामान आहे यांनुसार चोवीस तासांचा खर्च 35 ते 50 अँपिअर-तासांच्या दरम्यान राहिला. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज गार करून आणि सामानही थंडच भरून निघाल्यास पहिल्या दिवसाचा खर्च लक्षणीय कमी होतो.

फ्रिजसोबत आलेली वायर मात्र निराशाजनक आहे. तिच्या टोकाला सिगारेट लायटरचा प्लग आहे, आणि हा प्लग खडबडीत रस्त्यावर हळूहळू सैल होत जातो, तापतो आणि नेमका रात्री संपर्क सोडतो. तुलनेसाठी फ्रिज आधी गाडीच्या मूळ मागच्या सॉकेटवर, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवर चालवून पाहिला. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर 12.3 व्होल्ट दाखवत असताना फ्रिजच्या टोकाशी 11.5 व्होल्टच पोहोचत होते. कारण गूढ नाही : दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे 12 मिलिओहम असतो, बॅटरीपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन 10 मीटर वायर धरली, तर 5 अँपिअरला 0.6 व्होल्ट वायरीतच जिरतात आणि उरलेले त्या प्लगमध्ये. फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कमी व्होल्टेजला बंद होण्याची तीन पातळ्यांची सोय असते, जी अशा बहुतेक फ्रिजमध्ये साधारण 10.1, 11.4 आणि 11.8 व्होल्टच्या आसपास ठेवलेली असते. वरच्या पातळीवर ठेवलेला फ्रिज म्हणूनच बॅटरीत पुरेशी वीज असतानाही बंद पडतो, आणि मालक बिचारा फ्रिजला दोष देत बसतो. 6 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, दोन्ही टोकांना घट्ट बसणारे अँडरसन प्लग आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज एवढे केल्यावर वायरीतली घट 0.15 व्होल्टवर आली आणि त्यानंतर फ्रिज मध्येच कधीही थांबला नाही.

बॅटरीची निवड योग्य ठरली. त्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी 25 ते 30 किलो भरते आणि दीर्घायुष्यासाठी तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते. ही 12 किलोच्या आसपास आहे आणि 80 टक्क्यांपर्यंत निर्धास्तपणे रिकामी करता येते. फ्रिजखेरीज दिवे आणि फोन चार्जिंग धरूनही गाडी न हलवता पूर्ण दीड दिवस सहज निघतो. मात्र तिचे व्होल्टेज शेवटापर्यंत जवळपास सपाट राहते, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती वीज उरली हे कळत नाही. आत गेलेला व बाहेर आलेला विद्युतप्रवाह मोजणारा शंट मीटर हा माझ्या मते चैनीचा नव्हे, आवश्यक भाग आहे. ही बॅटरी बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नये आणि शून्य अंशांखाली चार्ज करू नये, हेही विकत घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

चार्जरऐवजी साधा रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच, लावून पैसे वाचवण्याचा सल्ला अनेक जण देतात. जुन्या गाड्यांत तो चालून जात असे, परंतु इंधन वाचवण्यासाठी आजच्या अनेक गाड्यांतला अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीजजनित्र) मूळ बॅटरी भरली की व्होल्टेज 12.5 च्या आसपास उतरवतो; मग रिले तरी उघडून जोडणी तोडतो किंवा दुसरी बॅटरी अर्धवटच भरते. शिवाय लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की थेट जोडल्यास ती वाट्टेल तेवढा प्रवाह ओढून अल्टरनेटर तापवू शकते. डीसी-डीसी चार्जर व्होल्टेज वर उचलतो, प्रवाहाला मर्यादा घालतो आणि इग्निशनची वायर जोडली असल्यास इंजिन बंद होताच थांबतो. माझ्या चार्जरने तासाला जवळपास 25 अँपिअर-तास परत दिले, म्हणजे दिवसाचा खर्च दोन तासांच्या प्रवासात भरून निघतो. जोडणी करणाऱ्याने एक गोष्ट जरूर पाहावी : गाडीच्या बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असेल, तर चार्जरची अर्थिंगची (ऋण) वायर त्या टोकावर नव्हे, चॅसीवर म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यावर घ्यावी, नाहीतर गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरकडील जाळीसमोर मोकळी जागा सोडणे आणि पेटी पट्ट्यांनी चॅसीच्या हुकांना बांधणे ही कामे सोपी असली तरी टाळू नयेत. एकाच ठिकाणी तीन-चार दिवस थांबायचे असल्यास 120 वॉटचे सौर पॅनेल सोबत घ्यावे. स्वच्छ उन्हात ते 6 ते 7 अँपिअर देते, परंतु गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता येईल इतकी लांब, आणि अर्थातच जाड, वायर त्याच्यासोबत घ्यावी लागते.