सिल्कसाँग: साडेसहा वर्षांनी हाती आलेला खेळ

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील टीम चेरी या चिमुकल्या संस्थेने ‘हॉलो नाइट’ (२०१७) या व्हिडिओ गेमची पुरवणी म्हणून योजलेले, त्यातील हॉर्नेट या पात्राचे कथानक वाढत वाढत ‘सिल्कसाँग’ हा स्वतंत्र खेळ झाले. २०१९च्या फेब्रुवारीत त्याची घोषणा झाली आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी तो बाजारात आला, तेव्हा खरेदीदारांच्या झुंबडीने स्टीमसह अनेक ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली.

खेळाचा जीव हॉर्नेटच्या हालचालींत आहे. खाली मारायचा वार आता सरळ न जाता तिरका जातो, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या बोटांना लागलेले वळण मोडावे लागते. शत्रूंवर वार करून साठवलेले रेशीम खर्चून मात्र एका दमात तीन मुखवट्यांइतके प्राण (मुखवटा हे खेळातले प्राणाचे माप) परत मिळतात. ही सढळ सोय शत्रू लगेच वसूल करतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांचा एकच फटका दोन मुखवटे घेऊन जातो. विसावा घेऊन प्रगती जतन करण्याच्या काही बाकांवर टेकण्यासाठीही जपमाळेचे मणी, म्हणजे खेळातले चलन, मोजावे लागतात, हा मला निव्वळ कद्रूपणा वाटला. ख्रिस्तोफर लार्किन यांचे संगीत अप्रतिम आहे. नवख्यांनी आधी पहिला भाग खेळावा.