कोल्ड ब्लूची बाटली, आठ महिन्यांनंतर: रंग गेला, वास राहिला

कोल्ड ब्लू म्हणजे पोलादावर फासून ते काळपट करायचा द्रव. पहिल्या महिन्यात याच बाटलीला पाच तारे दिले होते. आज त्यातले तीन काढून घेतोय.

पिस्तूल १९११ए१, म्हणजे अमेरिकन सैन्याचं, १९४४ सालचं, रेमिंग्टन रँडच्या सिराक्यूजच्या कारखान्यातलं. हो, तेच टाइपरायटरवाले. युद्धात त्यांनी साडेआठ लाखांवर पिस्तुलं बनवली. आमच्या पिढीला रेमिंग्टन म्हटलं की कोर्टाबाहेरचा टायपिस्टच आठवतो. ह्यूस्टनच्या गन शोमध्ये स्वस्तात मिळालं, कारण आधीच्या कुणीतरी बफ मारून त्याचं चकचकीत ब्लूइंग केलं होतं, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग चढवला होता. सैन्यासाठी त्या वर्षी पार्करायझिंग व्हायचं, म्हणजे फॉस्फेटचा थर, करडा, मंद. हे मात्र लग्नातल्या नव्या बुटासारखं! कडा गोल झालेल्या, स्लाइडवरची (वरच्या सरकत्या भागावरची) अक्षरं निम्मी पुसलेली. अक्षरं काही परत येत नाहीत, निदान चकाकी तरी घालवू म्हटलं. पुन्हा पार्करायझिंगचे तीनशे डॉलर सांगितले. बाटली बाराला. पुढचं सांगायला नको.

व्हिनेगरने जुनं ब्लूइंग उतरवलं, अॅसिटोनने तेल काढलं, हेअर ड्रायरने स्लाइड कोमट करून कापसाने द्रव फिरवला. धुतलं, चार शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलने घासलं, तेल लावलं. एका दुपारचं काम. रंग मस्त धुरकट आला. मग 'जुनं' दिसावं म्हणून सगळ्या कडा सारख्या घासल्या आणि तिथेच घाण केली. खरं पिस्तूल चामड्याच्या म्यानात आणि हातात झिजतं: नळीच्या तोंडाशी, स्लाइडच्या पुढच्या कोपऱ्यांवर, आणि मुठीवर बोटं बसतात तिथे. खाचाखोचांत रंग तसाच राहतो. माझं सगळीकडून एकसारखं झिजलेलं, म्हणजे घासलेलं पातेलं. शेवटी जुनं म्यान आणलं आणि रोज बातम्या बघताना रिकामं पिस्तूल पन्नासदा आत-बाहेर केलं. स्टील वूलपेक्षा हे कितीतरी बरं.

आता वास. सगळे टिकाऊपणावर लिहितात, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. या द्रवात सेलेनियम असतं. कुजका मुळा आणि ओली नाणी एकाच डब्यात ठेवली तर जो येईल तो वास. हातमोजे घालूनही येतो. धुतलं, सोडा लावला, तीनदा तेल पालटलं, तरी स्लाइडला नाक लावलं की हजर. बायको गॅरेजच्या दारातूनच विचारायची, "परत ते लोणचं घातलंस का?" कहर म्हणजे पुढच्या गन शोमध्ये एका म्हाताऱ्या विक्रेत्याने पिस्तूल हातात घेतलं, बघितलंसुद्धा नाही. हुंगलं, "कोल्ड ब्लू" म्हणाला आणि परत दिलं. माझी पन्नास-पन्नास वेळांची मेहनत एका श्वासात गेली.

पाचव्या महिन्यात मत बदललं. इथल्या दमट उन्हाळ्यात अंगठा टेकतो तिथला रंग घामाने उडाला आणि तांबूस गंज चढला. चडफडत स्लाइड सुटी केली आणि डिस्टिल्ड पाण्यात उकळली. दहा-पंधरा मिनिटांत तांबूस गंज डोळ्यांदेखत काळा! जुन्या बंदुका याच तत्त्वावर काळ्या करत: गंज चढवायचा, उकळायचा, वरची भुकटी घासून काढायची, पुन्हा गंज चढवायचा. मग बाटलीचा उरलेला रंग व्हिनेगरने साफ काढला, गंज चढावा म्हणून स्लाइड बाथरूममध्ये टांगली आणि अशा चार फेऱ्या केल्या. नळाचं पाणी वापरू नका, डाग पडतात. गॅलनला दीड डॉलर लागतो, तेवढा खर्च मीसुद्धा केला. हा रंग धरून बसलाय, म्यानात हळूहळू जिथे जायला हवा तिथेच जातोय, आणि वास शून्य. ज्यात उकळलं ते पातेलं मात्र स्वयंपाकघरातून कायमचं गेलं, त्यावर वेगळी बोलणी खाल्ली.

डब्यात 'फिनिश नंतरचं आहे' अशी चिठ्ठी ठेवली आहे. उद्या कुणी विकत घेतलं तर त्याला हुंगायची वेळ यायला नको.

बाटली निम्मी उरलीय. फेकवत नाही, बारा डॉलरची आहे. सध्या गवत कापायच्या मशीनचे स्क्रू काळे करतोय, तेही दार उघडं ठेवून.