लग्नाआधी तीन दिवसांचा ‘ज्यूस क्लेन्स’: माझा अनुभव
लग्नाला महिना उरला असताना कोल्हापुरातील एका घरपोच सेवेकडून मी २,४०० रुपयांचा तीन दिवसांचा ‘ज्यूस क्लेन्स’ घेतला, म्हणजे जेवण सोडून फक्त रसांवर राहायचे; त्याने शरीरशुद्धी होते, असा सेवेचा दावा होता. बाटल्या थंडगार आणि वेळेवर आल्या, दुधी-पुदिन्याचा रस तर खरोखर ताजा होता, हे आवर्जून नमूद करते. मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी महाद्वार रोडवर बस्ता बांधताना, दुकानदार शालूची घडी उलगडत असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि आईने पर्समधला राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला तेव्हा कुठे बोटांची थरथर थांबली. गाळलेल्या रसातून चोथ्याबरोबर तंतू निघून जातात, प्रथिने नगण्य उरतात, २५० मिली संत्र्याच्या रसात मात्र सुमारे २० ग्रॅम साखर असते. शरीरशुद्धीचे काम यकृत आणि मूत्रपिंडे एरवीही करतच असतात, त्यामुळे सेवेचा तो दावा मला पटला नाही. उरलेल्या दिवसाचे पैसे परत मिळाले नाहीत. दोन लाखांत लग्न बसवणाऱ्या आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात हळदीची फुले आली असती. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. तिसऱ्या दिवशी मी ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ खाल्ली.